झिम्बाब्वेच्या आज्या आणि आमच्या स्टँडवरचं सलून

मनाच्या दुखण्यासाठी अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या काळ्या लोकांनी काय केलं आणि त्यातलं आमच्या गावाशी काय जुळलं ते सांगायचं आहे, पण सुरुवात घरापासून करते. माझा लहान भाऊ सिकलसेलचा पेशंट आहे, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. विदर्भात ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना पुढचं सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नळ्यांत अडकते, आणि मग हाडं, सांधे, पाठ, छाती असं काही दुखतं की धडधाकट माणूस लहान लेकरासारखा विव्हळतो. आणि बाहेरून बघाल तर कितीदा काहीच दिसत नाही, ना जखम ना पट्टी. म्हणून लोकांना वाटतं नाटक आहे.

तीन वर्षांआधी कापूस वेचणीच्या दिवसांत त्याचं दुखणं उठलं, रात्री दोन वाजता गावातल्या एकाच्या मालवाहू ऑटोत गादी टाकून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, कोणत्या ते लिहीत नाही, आणि ड्युटीवरच्या माणसानं कागदावरून मान वर न करता म्हटलं, "काही नाही झालं याले, इंजेक्शनची सवय लागली हाये." त्यानंतर माझ्या भावानं तोंडातून आवाजच काढला नाही. दुखत होतं, मला दिसत होतं, पायाची बोटं आवळून आवळून पांढरी पडली होती, पण हा ओठ दाताखाली धरून भिंतीकडे तोंड करून पडला. ओरडलं तर नाटक, नाही ओरडलं तर दुखतच नाही, मग त्यानं करावं काय?

घरी आल्यावर आठ दिवसांत दुखणं उतरलं पण पोरगा काही पहिल्यासारखा झाला नाही. जेवायचा नाही धड, रात्रभर छताकडे पाहत राहायचा, मोबाईलसुद्धा हातात घ्यायचा नाही. माय शेजारणीला सांगे, "पोट्टा लय इचार करते व. इचारानं खाऊन टाकलं त्याले." मी आशा वर्कर आहे, गावातल्या प्रत्येक घरात जाते, आणि मलाही तेव्हा हे आजारपण आहे असं वाटलं नाही, मलाही वाटलं विचार करतो, होईल बरा.

मग नेलं त्याला जिल्ह्याला, मनाच्या डॉक्टरकडे. सकाळी सहाची एसटी, तालुक्याला उतरून दुसरी गाडी, केसपेपरची लाईन, दुपारी दीड वाजता नंबर. डॉक्टरांना मी दोष देत नाही, बाहेर बाकावर बसायला जागा नव्हती एवढी गर्दी होती, पाच मिनिटांत जेवढं विचारता येईल तेवढं त्यांनी विचारलं आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप यायला लागली हे खरं. पण पंधरा दिवसांनी परत जायचं होतं, माझी आणि मायची दोघींची वेचणीची मजुरी बुडत होती, आणि तोवर गावात झालंच होतं की पोट्ट्याले मेंटलच्या दवाखान्यात नेलं. तो म्हणाला, ताई मी नाही येत. नाही गेलो.

तो बरा व्हायला सुरुवात कुठे झाली ते मला फार उशिरा कळलं. स्टँडवरच्या सलूनमध्ये.

आमच्या वस्तीतल्याच एका मुलानं स्टँडवर टपरीएवढं सलून टाकलं आहे, दोन खुर्च्या, एक आरसा, वरती बाबासाहेबांचा फोटो आणि एक पंखा जो फक्त पहिल्या खुर्चीवर वारा देतो. आमच्या आबाच्या काळात गावचा न्हावी आमच्या लोकांच्या डोक्याला हात लावत नव्हता, वस्तीतलाच कोणी झाडाखाली बसवून केस कापून द्यायचा, म्हणून स्वतःचं सलून म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नाही. तर हा दादा माझ्या भावाला रोज दुपारी बोलवायचा. कटिंगचं काम नसलं तरी. "ये, बस, गिऱ्हाईक आलं तं उठजो." बस एवढंच. तो त्याला एक शब्द विचारायचा नाही म्हणे पहिले पंधरा-वीस दिवस. मग एक दिवस दाढी करता करता, गालावर फेस असतानाच, माझ्या भावानं त्याला ती दवाखान्यातली रात्र सांगितली. आम्हाला घरच्यांना नाही सांगितली कधी, आम्ही तिथे हजर होतो तरी. दादा वस्तरा बाजूला ठेवून म्हणाला, "दुखत असन तं मले सांगत जाय. म्या मानतो." म्या मानतो. हे दोन शब्द भावानं मला नंतर सांगितले तेव्हा मी चुलीपाशी होते, भाकर करपली माझी.

आता हे सगळं ब्लॅक लोकांशी कुठे जुळतं ते सांगते.

मागच्या वर्षी १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिवस असतो, तालुक्याला आमचं ट्रेनिंग होतं. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बोलता बोलता सांगितलं की अमेरिकेत हा आजार सगळ्यात जास्त कृष्णवर्णीयांमध्ये आहे, त्यांच्यात जन्मणाऱ्या ३६५ लेकरांमागे एकाला, आणि तिथेही इमर्जन्सीमध्ये त्यांना हेच ऐकावं लागतं की तुम्ही औषधासाठी नाटक करता. मी पेन खाली ठेवला. तिथले डॉक्टर, तिथल्या मशिनी, तिथला पैसा, आणि तिथेही हेच? त्या दिवसापासून रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाईलवर हेच वाचत बसते, ट्रान्सलेट करून करून. योगायोग बघा, १९ जून हा त्या लोकांचा जुनटीन्थ आहे, १८६५ मध्ये याच तारखेला टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला गुलामांना कळलं की तुम्ही मोकळे झालात, तेही घोषणा होऊन अडीच वर्षं उलटल्यावर.

वाचलं तसं पोटात कालवलं. १८५१ साली सॅम्युअल कार्टराईट नावाच्या डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं की गुलाम मालकाकडून पळून जातो हा त्याचा मानसिक आजार आहे. आजाराला ड्रेपटोमेनिया असं भारदस्त नावसुद्धा दिलं. म्हणजे मोकळं व्हावंसं वाटणं हाच वेडेपणा! मग १९३२ पासून १९७२ पर्यंत अलाबामात टस्कीगीला सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या ३९९ काळ्या माणसांवर उपचारच केले नाहीत, फक्त बघत राहिले, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही, आणि त्यांना सांगितलं काय तर तुमचं रक्त खराब आहे. आणि हे काही जुनंच आहे असंही नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनियातल्या अभ्यासात निघालं की डॉक्टरकी शिकणारी गोरी मुलं आणि निवासी डॉक्टर, यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना अशी काहीतरी खोटी समजूत होती, काळ्यांची कातडी जाड असते वगैरे, आणि ज्यांच्या डोक्यात हे होतं ते काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरत होते.

आता अशा लोकांना तुम्ही सांगा की मन बरं नसेल तर डॉक्टरकडे जा, मोकळेपणानं बोला. कसे जातील? मला तर वाटतं न जाणं हाच त्यांचा शहाणपणा होता. आमच्याकडे मीटिंगमध्ये साहेब म्हणतात ना, "लोकांमध्ये जागृती नाही", तेव्हा मला आता राग येतो. जागृती असते. अनुभवही असतो.

पण ते लोक नुसते रडत बसले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी निघाली, बंदुका घेतलेले फोटो सगळ्यांनी पाहिले असतील, पण त्यांनी गरीब वस्त्यांत फुकट दवाखाने चालवले, लेकरांना सकाळचा नाश्ता दिला आणि १९७१ पासून दारोदार जाऊन सिकलसेलची तपासणी केली, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्यावरूनच १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ते आम्हाला लहानपणापासून माहीत, जयंतीच्या भाषणात असतंच. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं होतं की तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन नेलं ते मला मिळेल का. म्हणजे ओळख जुनी आहे. पण सिकलसेल त्यांनी दारोदार तपासला आणि मीही आज तेच काम करते, बोटाला सुई टोचून, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग सलून सापडलं. अमेरिकेत काळ्यांचं सलून म्हणजे माणसांचा अड्डा, शनिवारी तासन्‌तास बसायचं, बोलायचं. आणि त्याचाही इतिहास आमच्यासारखाच वाकडा, गुलामीच्या काळात आणि नंतरही कितीतरी काळे न्हावी गोऱ्यांची दाढी करायचे पण त्याच खुर्चीत त्यांच्याच माणसाला बसवायची सोय नव्हती, म्हणून पुढे आपल्या लोकांचं सलून हे त्यांनी जपलं. लॉस एंजेलिसच्या ५२ सलूनमध्ये एक प्रयोग झाला, २०१८ मध्ये तो छापून आला, ३१९ बीपीवाले पुरुष, न्हावी बीपी तपासायला सांगायचा आणि औषधवाला फार्मासिस्ट सलूनमध्येच यायचा. सहा महिन्यांत त्यांचं वरचं बीपी सरासरी २७ नं उतरलं. जिथे न्हाव्यानं फक्त "डॉक्टरला दाखवा" म्हटलं तिथे ९ नं. सलूनमधल्या माणसाचं ऐकतात लोक, कारण तो गळ्यापाशी वस्तरा धरतो आणि तरी आपण डोळे मिटून बसतो, याच्यापेक्षा मोठा विश्वास कोणता. मनाच्या बाबतीत हेच काम लिटल रॉकच्या लॉरेन्झो लुईस यांनी २०१६ मध्ये सुरू केलं, आई जेलमध्ये असताना जन्मलेला माणूस हा, त्यांची संस्था न्हाव्यांनाच शिकवते की गिऱ्हाईक बोलत असेल तर नीट ऐकायचं कसं, त्याला खोटं पाडायचं नाही, "मर्द होऊन रडतो काय" असं म्हणायचं नाही आणि गरज वाटली तर पुढे कुठे पाठवायचं.

मी हे सगळं आमच्या सलूनवाल्या दादाला जाऊन सांगितलं. तो कैची पुसत होता. म्हणे, "ताई, थे तं करतोच आपण, त्याचं टरेनिंग काय घ्या लागते." मग थोडा वेळ थांबून म्हणे, "पण पुढं कुठं पाठवाचं, थे सांगून ठेव मले."

आणि आज्या! सगळ्यात जास्त मी ज्याच्यात गुंतले ते आफ्रिकेतलं, झिम्बाब्वेचं. तिथे डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, कोटीच्या वर लोकसंख्येच्या देशात असे डॉक्टर बोटावर मोजण्याएवढे. त्यांची एक तरुण पेशंट जिवानिशी गेली. नंतर तिच्या आईनं सांगितलं की आम्ही तुमच्याकडे येणार होतो पण गाडीभाड्याचे १५ डॉलर नव्हते. मी हे वाचलं तेव्हा मला आमची सहाची एसटी आठवली. चिबांडांनी मग २००६ मध्ये हरारेच्या एम्बारे भागात १४ आज्यांना घेतलं, शिक्षण जेमतेम, पण वस्तीत मान असलेल्या, दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक टाकला आणि त्यांना शिकवलं की समोरच्याचं कसं ऐकायचं. आधी बाकाचं नाव मानसिक आरोग्याचा बाक होतं. कोणी येईना! आज्यांनीच सांगितलं डॉक्टरला की बाबा हे नाव बदल, या नावाच्या बाकावर कोण बसेल. मग मैत्रीचा बाक झाला, आणि लोक यायला लागले.

आमच्या फॉर्ममध्येही दोन प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही का, उदास वाटलं का. मी ते दारात उभी राहून विचारते, मागे सासू उभी असते, नवरा खाटेवर असतो, ती बाई म्हणते नाही, मी टिक मारते. शंभर घरं, शंभर नाही. झिम्बाब्वेत त्यांचे १४ प्रश्न आहेत आणि त्यांच्या लोकांच्या बोलण्यातूनच काढलेले, पहिलाच प्रश्न काय तर तू खोल विचारात पडत होतीस का, खूप गोष्टींचा विचार करत होतीस का. कारण शोना भाषेत डिप्रेशनला लोक जे म्हणतात तो शब्द आहे कुफुंगिसिसा. अर्थ, लय इचार करणं.

मी मायला उठवलं रात्री. म्हटलं माय, आफ्रिकेतल्या बाया पण तू जे म्हणतेस तेच म्हणतात. ती झोपेतच म्हणाली, "मंग काय, माणसंच ना ते."

आज्या करतात काय ते नीट सांगते, कारण नुसतं ऐकून घेणं नाही ते. पहिल्या भेटीत मन उघडायचं, त्याला ते कुवुरा फुंग्वा म्हणतात, माणूस सगळी गाठोडी सोडतो, मग आजी म्हणते यातली आधी कोणती धरायची ते तूच सांग. एकच धरायची. त्यावर आज काय करता येईल एवढंच ठरवायचं. पुढच्या भेटीत विचारायचं, झालं का. सहाएक भेटी होतात आणि मग त्या बाया एका गटात येतात, तिथे जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात, विणता विणता बोलतात, पिशव्या विकून चार पैसेही येतात. आणि एखादी फारच आजारी, जिवाचं बरंवाईट करायच्या विचारात असेल तर आजी तिला पुढे दवाखान्यात पाठवते, स्वतः डॉक्टर होत नाही. २०१६ मध्ये याचा अभ्यास अमेरिकेच्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आला, ५७३ माणसं, सहा महिन्यांनी ज्यांना आज्या मिळाल्या त्यांच्यात डिप्रेशन १४ टक्क्यांना उरलं होतं, ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात ५० टक्क्यांना. आपल्याकडेही अमरावती जिल्ह्यात ३० गावांत गावातल्याच लोकांना शिकवून असं काम झालं होतं, विश्राम नावानं, आणि मदत घ्यायला पुढे येणाऱ्यांचं प्रमाण सहा पटीनं वाढलं होतं. कापसाच्या, कर्जाच्या, आत्महत्यांच्या आपल्या पट्ट्यात हे जमलं होतं, एवढं मला पुरे आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीच आहे ती लिहिते. अमेरिकेतल्या काळ्या बायकांवर एक ओझं असतं, स्ट्राँग ब्लॅक वुमनचं, म्हणजे तू खंबीर, तू रडणार नाहीस, तू सगळ्यांचं करशील. तिथल्या बायका आता उघड बोलतात की या कौतुकानंच आम्हाला आजारी पाडलं. आमच्या गल्लीतल्या वहिनीला नवरा गेल्यापासून, कर्जापायी गेला तो, पूर्ण गाव हेच म्हणत आलं. लय खंबीर बाई. दोन लेकरं, साडेतीन एकर वावर, सासरा अंथरुणावर, पण डोळ्यातून टिपूस नाही. सत्कारसुद्धा झाला तिचा, साडी-नारळ. मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या त्या कार्यक्रमात. आता वाटतं, आपण तिला रडायची परवानगीच काढून घेतली की काय टाळ्या वाजवून.

म्हणून आम्ही विहारात बसायला लागलो, मागच्या पावसाळ्यापासून. वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचनाला बाया येतातच, ते संपल्यावर अर्धा-पाऊण तास. नाव ठेवलं नाही काही, रजिस्टर नाही, फोटो नाही, फोटो काढायचा नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं. तीन म्हाताऱ्या आहेत ज्यांचं गावात सगळे ऐकतात, त्यांना मी झिम्बाब्वेच्या आज्यांचा व्हिडिओ दाखवला. त्यांना भाषा कळली नाही पण एकीनं स्क्रीनवर बोट ठेवून म्हटलं, "हे पाय, हे बुढी मधात बोलत नाही. बोलू देते तिले." दिवाळीनंतर भुईमुगाच्या शेंगा फोडायला घ्यायला लागलो, कारण रिकाम्या हातानं बसलं की बाया एकमेकींच्या तोंडाकडे पाहतात आणि मग कोणी बोलत नाही. हातात शेंग असली की नजर खाली राहते.

सगळं छान चाललंय असं नाही. दोन आठवडे कोणीच आलं नव्हतं. एकीनं दुसरीचं ऐकलेलं नळावर जाऊन सांगितलं, त्यावरून भांडण झालं, ती बाई अजून परत आली नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. आता बसायच्या आधी त्यातली सगळ्यात म्हातारी आजी रोज एकच वाक्य म्हणते, "इथलं इथंच." आणि सलूनमध्ये दादानं आरशाच्या कोपऱ्यात टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठी सरकारनं काढलेल्या हेल्पलाइनचा नंबर चिटकवला आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या भावानं मनाच्या गोळ्या परत सुरू केल्यात, सिकलसेलची हायड्रॉक्सियुरिया पण नेमानं घेतो, या वेळी जिल्ह्याला दादा त्याच्यासोबत गेला होता, सलून एक दिवस बंद ठेवून.

वहिनी दिवाळीनंतरच आली पहिल्यांदा. दाराजवळ बसली, चप्पल पायापाशीच, म्हणजे लगेच उठता यावं. बराच वेळ शेंगा फोडत राहिली, दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला, एकदम नीट. मग खालीच बघत म्हणाली, "म्या अजून दोन कप चहा टाकतो सकाळी. मंग एक कप फेकतो मोरीत. लेकरायले दिसू देत नाही."

मी आशा आहे, मला ट्रेनिंग आहे, माझ्या तोंडावर आलंच होतं की वहिनी तुम्ही धीर धरा. आजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. आणि तिला विचारलं,

"गोड पेत होता का माय तो?"

वहिनी म्हणाली, "लय गोड. दोन चम्मच." आणि मग तिला रडू फुटलं, दोन वर्षांनी, शेंगांचं सूप मांडीवर तसंच, आणि कोणी तिला गप्प केलं नाही. दिवा विझेपर्यंत बसलो आम्ही. जाताना तिनं टरफलं पदरात गोळा केली, चुलीला होतील म्हणाली, आणि विचारलं, उद्या किती वाजता बसता.